पाच टनांचा आस : बार्शी लाइटच्या इंजिनांची हकीकत

१८९५ सालच्या ऑगस्ट महिन्यात, लंडनहून निघालेला उतारू स्कॉटलंडातील ॲबर्डीन शहरी सर्वांत आधी कोण पोहोचवितो या ईर्ष्येने, इंग्लंडच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरील रेल्वे कंपन्यांमध्ये अशी विलक्षण चुरस पेटली होती की, एकेका रात्री एकेका मिनिटाचा हिशेब मांडला जाई. २२ ऑगस्टच्या रात्री ‘हार्डविक’ नावाच्या इंजिनाने क्रू ते कार्लाइल हे १४१ मैलांचे अंतर, वाटेतील शॅपची डोंगरचढण धरून, १२६ मिनिटांत काटले आणि आगगाडीच्या इतिहासात आपले नाव कायमचे नोंदवून ठेवले. लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या क्रू येथील कारखान्यात फ्रान्सिस वेब या मुख्य अभियंत्याने १८७४ साली जो ‘प्रिसिडेंट’ वर्ग सुरू केला, त्याच्या सुधारलेल्या आवृत्तीतील हे इंजिन होते. त्याची चालक चाके उभ्या माणसाहून उंच होती आणि त्याचा सारा डौल वेगासाठी होता. इंग्रजी इंजिनांचा इतिहास बहुधा अशाच यंत्रांभोवती लिहिला जातो आणि ते अगदीच अन्यायाचे आहे असेही नाही. वेगाचे आकर्षण माणसाला नेहमीच असते.

परंतु ज्या १८७४ साली क्रूच्या कारखान्यातून ‘प्रिसिडेंट’ वर्गाचे पहिले इंजिन बाहेर पडले, त्याच साली त्याच कारखान्यात सतरा वर्षांचा एक उमेदवार काम शिकण्यासाठी दाखल झाला होता, आणि ज्या १८९५ साली ‘हार्डविक’ने आपला विक्रम केला, त्याच साली त्या उमेदवाराने, आता अडतीस वर्षांचा अनुभवी अभियंता होऊन, लंडनात एका लहानशा कंपनीची स्थापना केली. त्याचे नाव एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप. आणि त्या कंपनीचे नाव बार्शी लाइट रेल्वे. या कंपनीसाठी त्याने बनवून घेतलेली इंजिने ताशी शंभर किलोमीटरच्या जवळपासही कधी गेली नाहीत. त्यांची चाके लहान होती, चाल मंद होती आणि अंगावर मिरविण्याजोगी एकही नावाची पाटी नव्हती. तरीही इंजिनाच्या अंगी असलेल्या बुद्धीचे मोल करावयाचे झाले, तर मी बार्शीच्या या इंजिनाला ‘हार्डविक’च्या शेजारी, त्याच मानाच्या जागेवर बसवीन. त्याची कारणे सांगण्यासाठीच हा लेख.

ही कारणे समजून घेण्यास धाराशिव जिल्ह्यातील ढोकी या गावाइतकी सोयीची दुसरी जागा नाही. बालाघाटाच्या पठारावर, तेरणेच्या खोऱ्यात, काळ्या जमिनीत वसलेले हे बाजाराचे गाव; येथून थोड्याच अंतरावर तेर आहे. संत गोरोबाकाकांचे तेर म्हणून वारकऱ्यांना ते ठाऊक असले, तरी त्याहून कितीतरी आधी, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात ‘तगर’ या नावाने त्याची नोंद झालेली आहे. पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या थोर नगरातून कापडाचे गठ्ठे गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशातून, भडोचच्या बंदराला नेले जात, असे त्या अज्ञात खलाशी-व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे. आता या वर्णनातील रोमला जाणारे कापड तेवढे वगळावे आणि अठराशे वर्षे ओलांडून १८९० च्या सुमारास ढोकीच्या शिवारात यावे : तोच प्रदेश, तीच रस्त्याची वानवा, आणि कापसाच्या बोंद्यांनी व धान्याच्या पोत्यांनी लादलेल्या त्याच बैलगाड्या, पावसाळ्यात काळ्या मातीत आसापर्यंत रुतून बसणाऱ्या. मधल्या काळात राजवटी किती आल्या आणि किती गेल्या. मालाची चाल मात्र बैलाच्या पावलाचीच राहिली होती.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग १८५८ साली पुण्यास आणि १८६० साली सोलापुरास पोहोचला. तो बार्शीच्या पेठेला बगल देऊन, सुमारे वीस मैल पश्चिमेकडून, माढे तालुक्यातील कुर्डुवाडीवरून गेला. आणि त्या ठिकाणच्या स्थानकाला कंपनीने ‘बार्शी रोड’ असे नाव दिले. बार्शीची पेठ म्हणजे निजामाच्या मुलखाने जवळजवळ वेढलेल्या इंग्रजी तालुक्यातील कापसाची मोठी उतारपेठ. लातूर, कळंब, धाराशिव या बाजूचा माल बालाघाट उतरून बार्शीस येई, तेथे अडत्यांच्या हाती जाई आणि पुन्हा गाड्यांवर चढून बार्शी रोडच्या स्थानकाकडे निघे. या शेवटच्या वीस-बावीस मैलांच्या वाटेवर हंगामात बैलगाड्यांची जी रीघ लागत असे, तिच्याकडे सरकारी अधिकाऱ्यांनी जकातीच्या आणि व्यापाऱ्यांनी भाड्याच्या दृष्टीने पाहिले असेल. कॅलथ्रॉपने ती अभियंत्याच्या दृष्टीने पाहिली.

तो १८८२ साली जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरीत इंजिनांचा निरीक्षक म्हणून हिंदुस्थानात आला होता. मुख्य लोहमार्गाला माल पुरविणारे लहान उपमार्ग हाच या देशातील रेल्वेचा पुढचा टप्पा आहे, ही गोष्ट त्याच्या मनाने इतकी घेतली की, १८८६ साली त्याने रजा काढून अशा उपमार्गांचा अभ्यास आरंभिला, आणि त्यांत बार्शीचा मार्ग त्याला सर्वांत आशादायक वाटला. वरिष्ठांना त्याची तजवीज पसंत पडली नाही. नोकरी सांभाळावी की कल्पना, असा प्रसंग आला तेव्हा १८८९ साली त्याने राजीनामा दिला. पुढे मंजुऱ्या, भांडवल आणि करारनामे यांच्या खटपटीत सहा वर्षे गेली. भारतमंत्र्यांशी करार होऊन १८९५ साली कंपनी उभी राहिली, तिचा सल्लागार अभियंता कॅलथ्रॉप स्वतःच झाला, आणि मग त्याने आपल्या मनातील रेल्वे, रुळापासून डब्याच्या छपरापर्यंत, एकट्याच्या विचाराने घडविली. असे भाग्य फार थोड्या अभियंत्यांच्या वाट्याला येते.

आता त्याचा विचार काय होता ते नीट पाहू. कारण सारी मौज तेथेच आहे. रूळ केवढा जाड असावा हे गाडीच्या एकंदर वजनावर ठरत नाही. एका आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, किती भार येतो यावर ते ठरते. त्या काळच्या लहान मार्गांची रीत अशी होती की, इंजिन जड आणि डबे हलके. सबब त्या एका जड इंजिनासाठी सबंध मार्गभर जाड रूळ घालावे लागत, पूल भक्कम बांधावे लागत, आणि मागून येणारे डबे मात्र त्या रुळाच्या शक्तीच्या अर्ध्या भारानेही भरत नसत. रुळाच्या किमतीचा एवढा मोठा हिस्सा केवळ इंजिनाच्या चैनीखातर खर्ची पडे. कॅलथ्रॉपने हा व्यवहार उलटा केला. आधी त्याने स्वस्त रूळ ठरविला : वारास ३० पौंड, म्हणजे मीटरला सुमारे १५ किलो. आजच्या ब्रॉडगेजच्या मुख्य मार्गांवर मीटरला ६० किलोचा रूळ असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याच्या रुळाचा हलकेपणा कळेल. एवढासा रूळ एका आसाला पाच टन भार सोसतो; तर मग पाच टन हीच या रेल्वेची राज्यघटना. इंजिनाचा प्रत्येक आस पाच टनांचा आणि भरलेल्या डब्याचाही प्रत्येक आस पाच टनांचा. रुळाला इंजिन कोणते आणि डबा कोणता हे समजूच नये, असा सारखा भार गाडीच्या तोंडापासून शेपटापर्यंत.

हे सूत्र कागदावर लिहिणे सोपे आहे, परंतु त्यातून इंजिनाच्या रचनेपुढे एक बिकट पेच उभा राहतो. इंजिन ओढते ते बाष्पाच्या बळावर, हे खरे. पण ते बळ रुळावर उतरते चाकाच्या पकडीतून, आणि पकड येते चाकावरील भारातून. कोरड्या रुळावर चालक चाकांवरील भाराच्या साधारण चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढीच ओढ मिळते; त्याहून जास्त जोर लावला की चाक जागच्या जागी गरगर फिरते. ‘हार्डविक’सारख्या द्रुतगती इंजिनाला दोन जड आस पुरतात, कारण त्याच्या मागची गाडी हलकी आणि रूळ दणकट. बार्शीच्या इंजिनाला हा मार्ग बंद होता. म्हणून पाच टनांचे चार आस एकमेकांना दांड्यांनी जोडून, आठ चाकांवर मिळून वीस टनांची पकड साधावयाची, आणि बाष्पपात्राच्या मागील भागाचा, पाण्याचा व कोळशाचा उरलेला भार मागे आणखी दोन आसांच्या ठेल्यावर टाकावयाचा, अशी योजना ठरली. एकूण सहा आस, सुमारे तीस टन. पाणी आणि कोळसा इंजिनाच्याच अंगावर असल्यामुळे वेगळा टेंडर नको. मार्गाची रुंदी अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. ब्रॉडगेजच्या १६७६ मिलिमीटरच्या निम्म्याहून कमी. एवढ्या अरुंद पायावर आठ जोडलेली चाके वळणावर कशी वळावीत, हा पुन्हा एक निराळा प्रश्न. तो चाके लहान ठेवून आणि मागच्या ठेल्याला बाजूस सरकण्याची मोकळीक देऊन सोडविला गेला. लहान चाकाचा फायदा दुहेरी : वेग कमी, पण ओढ जास्त. धन्याला ओढच हवी होती.

ही इंजिने बांधली लीड्स येथील किटसन आणि कंपनीने. लीड्सच्या या कारखान्याची परंपरा जुनी. १८३८ साली ज्या संस्थेतून ‘लायन’ हे प्रसिद्ध इंजिन निघाले, तिच्यात किटसन भागीदार होता, आणि ते ‘लायन’ आजही लिव्हरपूलच्या संग्रहालयात आहे. डब्यांचे काम लीड्स फोर्ज कंपनीकडे गेले. त्यांचे सांगाडे ठोकून-जोडून केलेल्या लोखंडाचे न करता, दाबयंत्राखाली एकसंध घडविलेल्या पोलादी पत्र्यांचे केले, त्यामुळे डबा वजनाने हलका पडला आणि वीस टनांच्या मर्यादेत मालाला अधिक जागा राहिली. सर्व डब्यांचा पाया एकाच मापाचा ठेवला, म्हणजे दुरुस्तीस सुटे भाग एकाचे दुसऱ्याला चालावेत. आणि हे सारे हिंदुस्थानास धाडण्यापूर्वी कॅलथ्रॉपने लीड्सजवळ न्यूले येथे मुद्दाम एक लहान प्रयोगमार्ग घातला, त्यावर तीव्र चढ आणि आकुंचित वळणे ठेवली, आणि अभियंते व वृत्तपत्रकार यांना बोलावून आपली गाडी त्यांच्यादेखत चालवून दाखविली. बार्शी कोठे आहे हे ज्यांना नकाशावर दाखविता आले नसते, त्यांच्या तोंडी बार्शीचे नाव गेले.

१८९७ च्या मार्च महिन्यात बार्शी रोड ते बार्शी टाउन हा मार्ग सुरू झाला. ते वर्ष दुष्काळाचे होते. सोलापूर जिल्हा त्या दुष्काळात फार पोळला. या एका लहान मार्गाने दुष्काळ हटविला असे कोणी म्हणणार नाही, पण ज्या मुलखात चारा-पाणी नसल्यामुळे बैल मरतात आणि बैल मेल्यामुळे धान्य हलत नाही, तेथे बैलावर अवलंबून नसलेले एक वाहन उभे राहिले, याचा अर्थ त्या पिढीला सांगावा लागला नसेल. १९०६ साली कुर्डुवाडीहून दुसरी शाखा पंढरपुरास गेली. त्याच सुमारास बार्शीच्या पुढे पांगरी, तडवळे या बाजूस काम चालू झाले, येडशीजवळ रामलिंगाच्या परिसरातून मार्ग बालाघाटावर चढला, आणि १९११ साली रूळ लातुरास भिडले. ढोकी या वाटेवरचे स्थानक. तगरच्या गाड्या ज्या शिवारातून जात होत्या, त्या शिवारात इंजिनाची शिटी वाजली.

येडशीची चढण या इंजिनाची खरी परीक्षा होती. भरलेली मालगाडी घेऊन वर येताना, आठ चाकांच्या पकडीवर भरवसा ठेवून, वाफ किती उघडावी आणि किती आवरावी हे ड्रायव्हरने ओळखावयाचे. पावसाळ्यात ओल्या रुळावर चाक घसरू लागले तर वाळू सोडावयाची. आणि फायरमनने वाफेचा दाब उतरू न देता, पण कोळसाही वाया न घालविता, भट्टी सांभाळावयाची. अंगावरच पाणी वाहणाऱ्या इंजिनाची एक अडचण अशी की त्याची टाकी लहान, आणि मुलूख तर अवर्षणाचा. तेव्हा ठिकठिकाणी स्थानकांवर विहिरी आणि टाक्या यांची सोय हीच या मार्गाची दुसरी जीवनरेषा होती. या चढणीवर राबलेल्या माणसांची, ड्रायव्हर, फायरमन, सांधेवाले, गँगमन यांची नावे कंपनीच्या लंडनच्या दफ्तरात शोधून सापडावयाची नाहीत. इतिहास कॅलथ्रॉपचे नाव घेतो. इंजिन चालविले ते मात्र या मुलखातल्या माणसांनी.

बार्शी सोडून पांगरीच्या पुढे गेले की इंग्रजी अंमल संपे आणि निजामाचे संस्थान लागे. संस्थानात आपले नाणे, हाली सिक्का. इकडे कलदार रुपया. संस्थानात येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या मालावर करोडगिरीची आकारणी, तिचे नाके, तिचे कारकून आणि तिचे दस्तऐवज. लंडनच्या कंपनीची गाडी या दोन अंमलांच्या सरहद्दीवरून रोज ये-जा करीत असे. लातूरचा गंज या काळात जो वाढला आणि मराठवाड्यातील पहिल्या प्रतीची पेठ म्हणून नावारूपास आला, त्यामागे या मार्गाचा हात किती आणि भोवतालच्या जमिनीचा व व्यापाऱ्यांच्या कर्तबगारीचा हात किती, याची वाटणी करणे कठीण आहे. पण रूळ नसते तर लातूरचा भुईमूग आणि कापूस बार्शीच्याच अडतीवर उतरत राहिला असता, एवढे निश्चित म्हणता येते. ढोकी, मुरूड, तडवळे ही बाजाराची गावे, तीही या मार्गामुळे मुंबईच्या भावाशी जोडली गेली. १९४१ च्या फेब्रुवारीत कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे आले. आडवळणाचे म्हणावे असे हे गाव एवढ्या मोठ्या मेळाव्याला निवडले गेले, त्यात रेल्वेच्या सोयीचा वाटा असलाच पाहिजे असे माझे मत आहे.

कौतुक करताना उणीव झाकू नये. अडीच फुटी मार्गाचे डबे ब्रॉडगेजवर चढत नाहीत. त्यामुळे कुर्डुवाडीच्या आवारात प्रत्येक पोते, प्रत्येक गठ्ठा हमालाच्या पाठीवरून एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जाई. त्यात वेळ जाई, मालाची नासधूस होई, आणि स्वस्त रुळाने वाचविलेला पैसा काही अंशी येथे खर्ची पडे. कॅलथ्रॉपला हे दिसत नव्हते असे नाही. पुढे १९०४ साली इंग्लंडात स्टॅफर्डशर परगण्यातील लीक आणि मॅनिफोल्ड खोऱ्याचा अडीच फुटी मार्ग त्याने बांधला, तेव्हा मोठ्या मापाचा डबा सबंधच्या सबंध पाठीवर घेणारे वाहक डबे त्याने तेथे आणले. त्या मार्गासाठी किटसननेच दोन इंजिने बांधली. त्यांतील एकाला कॅलथ्रॉपचेच नाव होते, आणि कपाळावर हिंदुस्थानी थाटाचे भले मोठे दिवे. इंग्लंडची यंत्रे हिंदुस्थानात येत होती, हे आपण नेहमी वाचतो. बार्शीत सिद्ध झालेली रीत उलट दिशेने इंग्लंडच्या खोऱ्यात गेली, हे मात्र क्वचित कोणी सांगतो. तो इंग्रजी मार्ग १९३४ साली बंद पडला. बार्शीचा मार्ग त्यानंतर सत्तर वर्षांहून अधिक काळ चालला.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. पंढरपूरच्या आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांची जी गर्दी लोटे, तिला पुरतील एवढे डबे कंपनीजवळ नसत, आणि मालाच्या डब्यांतून माणसे दाटीवाटीने नेली जात. भाडे पुरे घेतले जाई. सोय मात्र गठ्ठ्यांची. नफ्याचा वाटा लंडनच्या भागधारकांना पोहोचत असताना विठोबाच्या दर्शनास निघालेल्या म्हाताऱ्या माणसांना बसावयास फळीही मिळू नये, हा दोष कोणत्याही अभियांत्रिकी कौशल्याने धुऊन निघत नाही.

१९२७ साली पंढरपूरच्या पुढे रूळ मिरजेस पोहोचले, आणि लातूर ते मिरज असा २०२ मैलांचा, म्हणजे ३२५ किलोमीटरांचा, सलग मार्ग पुरा झाला. योगायोग असा की त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात कॅलथ्रॉप वारला. त्याच्या उत्तरायुष्याविषयी दोन वाक्ये येथे लिहिल्यावाचून राहवत नाही. त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, मोटारींच्या रोल्स-रॉइस जोडीतील पहिला, १९१० साली विमान कोसळून मेला. त्या आघातानंतर कॅलथ्रॉपने विमानातून उडी टाकणाऱ्याचा जीव वाचविणारी ‘गार्डियन एंजल’ नावाची हवाई छत्री तयार करण्यात आपली वर्षे आणि पैसा घातला, आणि १९१७ साली लंडनच्या टॉवर ब्रिजवरून उडी घेऊन तिचे प्रात्यक्षिकही झाले. अरबी घोड्यांवर त्याचे अतोनात प्रेम होते आणि घोडा हा माणसाचा सोबती व मित्र कसा, यावर त्याने १९२० साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. ओझे वाहणाऱ्यावर त्याच्या सोसण्यापलीकडे भार टाकू नये, ही जी वृत्ती घोड्याविषयीच्या प्रेमात दिसते, तीच मला पाच टनांच्या नियमातही दिसते. अर्थात हा माझा अन्वयार्थ झाला.

मार्ग लांबला तेव्हा अंगावर पाणी वाहणारी जुनी इंजिने अपुरी पडू लागली. १९२० नंतरच्या दशकात मँचेस्टरजवळील पॅट्रिक्रॉफ्टच्या नॅस्मिथ विल्सन कंपनीकडून ‘एफ’ वर्गाची इंजिने आली. वाफेच्या घणाचा शोध लावणाऱ्या जेम्स नॅस्मिथने स्थापिलेला हा कारखाना. नव्या इंजिनांना पुढे वाट दाखविणारी दोन चाके, मध्ये आठ जोडलेली चाके, मागे भट्टीखाली दोन चाके, आणि पाणी-कोळशासाठी स्वतंत्र टेंडर. पुढच्या चाकांमुळे वळणावर पहिल्या चालक चाकाची झीज कमी झाली, टेंडरमुळे पाण्यासाठी वारंवार थांबणे कमी झाले. आठ जोडलेल्या चाकांची मूळ कल्पना मात्र कायम राहिली. कुर्डुवाडीस कंपनीचा दुरुस्तीचा कारखाना उभा राहिला, आणि इंजिन उघडणे, बाष्पपात्राच्या नळ्या बदलणे, चाकांना नव्या धावा चढविणे ही कामे येथल्याच कारागिरांच्या हातांत आली. आज माथेरानच्या छोट्या गाडीचे काम ज्या कुर्डुवाडीच्या कारखान्यात होते, तो हाच.

१९४७ नंतरचे वर्ष या मार्गाने कसे काढले याचा स्वतंत्र इतिहास कोणीतरी लिहावयास हवा. बार्शी तालुका स्वतंत्र भारतात, येडशी-ढोकी-लातूर निजामाच्या संस्थानात, आणि संस्थान भारतात सामील होण्यास राजी नाही. अशा वेळी दोन्ही मुलखांतून जाणाऱ्या रुळांची अवस्था काय असेल ते सांगावयास नको. मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांचे तळ सरहद्दीलगत बार्शीच्या आसऱ्याने होते, रझाकारांचा उपद्रव पलीकडे गावोगाव होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले, पाच दिवसांत संस्थान शरण आले, आणि करोडगिरीचे नाके पुढे इतिहासजमा झाले. १ जानेवारी १९५४ रोजी भारत सरकारने बार्शी लाइट रेल्वे कंपनी विकत घेतली आणि मार्ग मध्य रेल्वेत सामील झाला. कंपनी गेली तरी लोकांच्या तोंडचे नाव ‘बार्शी लाइट’ हेच राहिले.

पुढे डिझेल इंजिने आली, वाफेची इंजिने एकेक करून शेडमध्ये थंडावली, आणि या शतकाच्या पहिल्या दशकात मार्ग टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला : लातूर ते कुर्डुवाडी २००८ पर्यंत, पंढरपूर ते मिरज २०१० साली. नव्या आखणीत जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेले धाराशिव शहर मार्गावर आले. कॅलथ्रॉपच्या मार्गाने ते बाजूला ठेवले होते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यावयास पाणी उरले नाही, तेव्हा मिरजेहून पाण्याने भरलेली गाडी याच वाटेने लातुरास धाडली गेली. पहिल्या फेरीत दहा टाकी-वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. नंतर पन्नास वाघिणींची गाडी, एका फेरीत पंचवीस लाख लिटर. एका वाघिणीतील नुसत्या पाण्याचेच वजन पन्नास टन होते. पाच टनांच्या आसावर, चार आसांच्या डब्यात, डब्याचे स्वतःचे वजन धरून वीस टनच मावतात; सबब हे काम बार्शी लाइटला जमले नसते, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण मिरज आणि लातूर या दोन गावांना जोडणारी वाट आखली ती तिनेच. आणि त्याच लातुरात, हरंगुळजवळच्या नव्या कारखान्यात, २०२० च्या डिसेंबरात रेल्वेच्या डब्याचा पहिला सांगाडा तयार झाला.

‘हार्डविक’ यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने जपून ठेवले आहे, आणि त्याच्या त्या रात्रीच्या धावेचे मिनिट न् मिनिट छापील उपलब्ध आहे. बार्शी लाइटचा इतिहास मात्र अजून माणसांच्या आठवणीत आणि घरोघरच्या पेट्यांत विखुरलेला आहे. ढोकी, येडशी, मुरूड, बार्शी, कुर्डुवाडी, सांगोला या गावांत ज्यांचे वडील किंवा आजोबा या मार्गावर ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, सांधेवाले किंवा कारखान्यात फिटर होते, त्यांनी घरातील जुना पास, वेळापत्रक, नोकरीचा दाखला, एखादे छायाचित्र टाकून देऊ नये. त्यावर नाव, गाव आणि साल लिहून ते गावच्या ग्रंथालयात किंवा तेरच्या संग्रहालयासारख्या जवळच्या संस्थेत पोहोचवावे, आणि वडीलधारी माणसे हयात असतील तर येडशीच्या चढणीवर गाडी कशी काढीत असत ते त्यांच्याकडून या वर्षीच लिहून घ्यावे.